विश्लेषण : खेळाबद्दल स्पष्ट बोलले की काम का जाते? मांजरेकर, भोगले ते नाशिकच्या खेळाडूंपर्यंत…

मार्च २०२० मध्ये भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय मालिकेतील धर्मशाला येथील सामना पावसाने वाहून गेला. त्या सामन्यापेक्षा जास्त चर्चा झाली ती समालोचकांच्या यादीची. गेली अनेक वर्षे या यादीत हमखास असणारे संजय मांजरेकर यांचे नाव त्यात नव्हते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) त्यांना समालोचन चमूतून वगळल्याचे वृत्त आले. मंडळाने जाहीरपणे कारण दिले नाही. समालोचन हा आपल्यासाठी मोठा बहुमान आहे, तो हक्क आपण कधी मानला नाही आणि काम देणाऱ्यांचा निर्णय व्यावसायिक म्हणून मान्य आहे, अशा आशयाची प्रतिक्रिया मांजरेकर यांनी दिली.

प्रश्न एका समालोचकापुरता नाही. खेळातील माणसाने खेळाविषयी किंवा खेळ चालवणाऱ्यांविषयी परखड मत मांडले तर त्याच्या रोजीरोटीवर गदा येऊ शकते का? कायदा त्याला किती संरक्षण देतो? आणि रेल्वे, पोलीस, लष्कर किंवा सार्वजनिक उपक्रमांत नोकरी करणाऱ्या नाशिकसारख्या जिल्ह्यांतील खेळाडूंसाठी याचा अर्थ काय?

मांजरेकर प्रकरण नेमके काय होते?

२०१९ च्या विश्वचषकात रवींद्र जडेजाविषयी बोलताना मांजरेकर यांनी, एकदिवसीय क्रिकेटमध्ये ‘थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी’ करणाऱ्या खेळाडूंचे आपण चाहते नाही, असे मत मांडले. कसोटीतील जडेजा हा निव्वळ गोलंदाज म्हणून वेगळा, असेही ते म्हणाले होते. जडेजाने समाजमाध्यमावर त्यांना कडक शब्दांत सुनावले. पुढे न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावांची झुंजार खेळी केली आणि मांजरेकर यांनी आपला अंदाज चुकल्याची मोकळेपणाने कबुली दिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध गुलाबी चेंडूचा कसोटी सामना झाला. चेंडू फलंदाजांना नीट दिसतो का, याविषयी खेळाडूंना विचारले पाहिजे, असे हर्षा भोगले म्हणाले. त्यावर, तुम्हाला विचारावे लागेल, आम्ही खेळलो आहोत, अशा अर्थाचा टोला मांजरेकर यांनी थेट प्रक्षेपणातच हाणला. त्यावर बरीच टीका झाली आणि आपले वागणे व्यावसायिकतेला धरून नव्हते, असे त्यांनी नंतर मान्य केले.

या दोन प्रसंगांत फरक आहे. पहिला समालोचकाच्या कामाचाच भाग होता, कारण खेळाडूच्या मर्यादा सांगणे हेच त्याचे काम. दुसरा सहकाऱ्याशी वागण्याचा प्रश्न होता. मांजरेकर यांना नेमके कशासाठी वगळले, हे मंडळाने सांगितले असते तर हा फरक स्पष्ट झाला असता. कारणच न दिल्यामुळे इतर समालोचकांपर्यंत एकच संदेश गेला : जपून बोला. जुलै २०२० मध्ये मांजरेकर यांनी मंडळाला पत्र लिहून मार्गदर्शक सूचनांचे पालन करण्याची तयारी दाखवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तरीही त्या वर्षीच्या ‘आयपीएल’च्या यादीत त्यांचे नाव आले नाही. वर्षअखेरीस ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते वाहिनीमार्फत समालोचनात परतले.

हर्षा भोगले यांच्या बाबतीत काय घडले?

मांजरेकर यांच्या चार वर्षे आधी हेच भोगले यांच्या वाट्याला आले होते. हैदराबादच्या मराठी कुटुंबात जन्मलेले भोगले रासायनिक अभियंता आणि अहमदाबादच्या ‘आयआयएम’चे पदवीधर. कसोटी न खेळताही क्रिकेट समालोचनात त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले. २३ मार्च २०१६ रोजी बेंगळूरु येथे ट्वेन्टी-२० विश्वचषकात भारताने बांगलादेशला एका धावेने हरवले. त्यानंतर, भारतीय समालोचकाने सारखे दुसऱ्या संघाविषयी बोलण्यापेक्षा आपल्या खेळाडूंविषयी जास्त बोलावे, अशी टिप्पणी अमिताभ बच्चन यांनी केली. त्यात कुणाचे नाव नव्हते. तत्कालीन कर्णधार महेंद्रसिंह धोनीने ती टिप्पणी पुढे पाठवत, यात भर घालण्यासारखे काही नाही, असे म्हटले.

एप्रिलमध्ये ‘आयपीएल’ सुरू होण्याच्या तोंडावर भोगले यांचे नाव यादीतून गेले. आपल्याला कोणीही कारण सांगितलेले नाही, लोकांना आपले समालोचन आवडले नसेल तर ते मान्य आहे, पण खेळाडूंच्या तक्रारीवरून हे घडले नसावे अशी आशा आहे, असे त्यांनी लिहिले. काही काळाने तेही परतले.

एप्रिल २०२५ मध्ये भोगले पुन्हा चर्चेत आले. कोलकाता नाइट रायडर्सला घरच्या मैदानावर हवी तशी खेळपट्टी मिळत नसल्याबद्दल त्यांनी आणि न्यूझीलंडचे माजी गोलंदाज सायमन डूल यांनी मते मांडली होती. बंगाल क्रिकेट संघटनेने या दोघांना ईडन गार्डन्सवरील सामन्यांसाठी पाठवू नये, असे पत्र बीसीसीआयला दिल्याचे वृत्त आले. कोलकात्यातील दोनच सामने आपल्या वेळापत्रकात होते, असा खुलासा भोगले यांनी केला. म्हणजे खेळपट्टीवरील मतसुद्धा ‘याला पाठवू नका’ या मागणीपर्यंत जाऊ शकते.

समालोचकाचा खरा मालक कोण?

पूर्वी सामना मंडळाचा आणि प्रक्षेपण वाहिनीचे, अशी सरळ विभागणी होती. समालोचक वाहिनीचा माणूस असे. नंतर मायदेशातील सामन्यांचे चित्रीकरण मंडळ स्वतःच्या यंत्रणेमार्फत करू लागले. त्यामुळे ज्यांच्या कारभारावर बोलायचे, तेच समालोचकाचे मानधन ठरवणारे झाले.

याची चुणूक २०१३ मध्ये दिसली. ऑस्ट्रेलियाच्या भारत दौऱ्यासाठी माजी कर्णधार इयन चॅपल यांना समालोचनाचा प्रस्ताव होता. मात्र संघनिवड, पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी (डीआरएस) आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलायचे नाही, असे कळल्यावर त्यांनी नकार दिला. चॅपल नाही म्हणू शकले, कारण त्यांचे पोट त्या एका करारावर अवलंबून नव्हते. प्रत्येकाला ही चैन परवडत नाही.

यामागे पैशाचे गणितही आहे. ‘आयपीएल’च्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. इतकी रक्कम लावली की सामना हा विकायचा माल होतो आणि समालोचकाकडून त्याची तारीफ अपेक्षित असते. मालातले दोष दाखवणारा माणूस मग अडचणीचा वाटू लागतो.

‘काढले’ आणि ‘बोलावले नाही’ यात फरक काय?

सगळी मेख इथेच आहे. समालोचक हा मंडळाचा कायम कर्मचारी नसतो. त्याचा करार एखाद्या मालिकेपुरता, हंगामापुरता किंवा ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही, तर कायद्याच्या भाषेत त्याला कोणी ‘काढलेले’ नसते. कारणे दाखवा नोटीस, चौकशी आणि लेखी आदेश यांपैकी काहीच नसते. फोन येत नाही, एवढेच. मग दाद कशाविरुद्ध मागायची?

राज्यघटनेचे संरक्षण मिळत नाही का?

अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. १९(२) नुसार त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. पण हा हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध आहे. काम देणारी खासगी संस्था असेल तर थेट या अनुच्छेदावर बोट ठेवता येत नाही.

मग बीसीसीआय कोण? ती नोंदणीकृत सोसायटी आहे. ‘झी टेलिफिल्म्स वि. भारत सरकार’ खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, बीसीसीआय ही अनुच्छेद १२ नुसार ‘राज्य’ नाही, असा निकाल दिला. मात्र ती सार्वजनिक स्वरूपाचे काम करत असल्याने अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला. २०१५ मध्ये बिहार क्रिकेट संघटनेच्या खटल्यातही हीच भूमिका कायम राहिली. पण समालोचकाला हंगामाचे काम का दिले नाही, हा वाद करारातील व्यावसायिक निवडीचा ठरण्याची शक्यता अधिक. शिवाय ज्या क्षेत्रात पुन्हा काम मिळवायचे आहे तिथे न्यायालयात जाणे म्हणजे परतीची दारे स्वतःच बंद करणे.

माहिती अधिकाराचा मार्गही अरुंद आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा संघटनांसाठी खेळाडू समिती, तक्रार निवारण यंत्रणा आणि राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. पण माहिती अधिकाराची कक्षा सरकारी निधी घेणाऱ्या संघटनांपुरती ठेवली. बीसीसीआय असा निधी घेत नसल्याने ‘अमुक समालोचकाला का वगळले’ हा प्रश्न अर्ज करून विचारता येणे कठीण.

नाशिकच्या खेळाडूंचा याच्याशी काय संबंध?

समालोचन कक्षात बसणारे मोजके. जिल्ह्यातल्या खेळाडूचा प्रश्न वेगळा असतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर किंवा त्र्यंबक-हरसूलच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींसाठी खेळ हा बहुधा नोकरीचा रस्ता असतो. राज्यात खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण आहे आणि असामान्य कामगिरी करणाऱ्यांना थेट नियुक्तीही मिळते. रेल्वे, लष्कर, पोलीस, तेल कंपन्या आणि बँका हे बाकीचे आधार. त्यामुळे नोकरी देणारा आणि खेळाविषयी निर्णय घेणारा, दोघेही बहुतेक वेळा सरकारच असते.

‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत यांचे उदाहरण नाशिककरांना ठाऊक आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन, अशी कामगिरी करणाऱ्या कविता ‘ओएनजीसी’च्या सेवेत आल्या. राज्य शासनाच्या थेट नियुक्तीत आपल्याला डावलले गेले आणि त्यामागे आपण आदिवासी असणे हे कारण आहे का, असा सवाल त्यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे केला. अर्जुन पुरस्कार मिळालेल्या धावपटूलाही स्वतःच्या हक्कासाठी माध्यमांसमोर यावे लागले, तर तालुका पातळीवरचा खेळाडू काय बोलणार?

नेमबाज स्वप्नील कुसळे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील, पण त्यांच्या जडणघडणीत नाशिकचा वाटा आहे. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले आणि लगेच त्यांना विशेष कार्य अधिकारी पदावर बढती जाहीर झाली. पुढे बक्षिसाची रक्कम हरियाणाच्या तुलनेत कमी असल्याची नाराजी त्यांच्या वडिलांनी मांडली. नोकरीत असलेल्या खेळाडूंच्या बाबतीत घरचे किंवा प्रशिक्षक बोलतात आणि खेळाडू सरावात राहतो, हे चित्र नवे नाही.

संघटनांच्या हाती किती ताकद असते, हे चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांच्या बाबतीत दिसले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलेल्या या लष्करी जवानावर, त्याच स्पर्धेतील वैयक्तिक शर्यत अर्धवट सोडल्याबद्दल राष्ट्रीय महासंघाने २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठली. हे प्रकरण वक्तव्याचे नव्हते. पण ज्या संघटनेच्या एका आदेशाने दोन वर्षे हातून जाऊ शकतात, तिच्याविरुद्ध उघड बोलताना खेळाडू दहादा विचार करतो.

सरकारी नोकरीतील खेळाडूने काय बोलू नये, असे नियम सांगतात?

रेल्वेतील कर्मचाऱ्यांना रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. शासनाच्या धोरणावर किंवा कृतीवर जाहीर प्रतिकूल टीका करायची नाही आणि राजकीय प्रचारात भाग घ्यायचा नाही, हा त्यांचा गाभा. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना याची पुन्हा आठवण करून दिली.

मुंबई पोलीस दलात अधिकारी असलेले मल्ल नरसिंग यादव यांच्यावर एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या एका उमेदवाराच्या प्रचारात दिसल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला मल्ल लोकांना आधी पैलवान वाटतो, नियमांना मात्र तो आधी सरकारी नोकर असतो.

सर्वांत मोठे उदाहरण २०२३ च्या कुस्तीपटूंच्या आंदोलनाचे. विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया हे तिघेही रेल्वेच्या सेवेत होते. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावरील लैंगिक छळाच्या आरोपांवरून ते जंतर-मंतरवर बसले. जूनमध्ये ते कामावर रुजू झाल्याचे वृत्त येताच आंदोलन संपल्याची चर्चा सुरू झाली. त्यावर, नोकरी न्यायाच्या आड येणार असेल तर ती सोडायला वेळ लागणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये विनेश आणि बजरंग यांनी रेल्वेचा राजीनामा देऊन राजकारणात प्रवेश केला.

न्यायालये काय म्हणतात?

सरकारी नोकरीत शिरताना नागरिक आपले मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच ‘कामेश्वर प्रसाद वि. बिहार राज्य’ खटल्यात मांडले. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने, सरकारी कर्मचाऱ्यालाही स्वतःची राजकीय मते बाळगण्याचा आणि नियमांच्या मर्यादेत ती मांडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. शिवाय अनुच्छेद ३११ मुळे नागरी सेवेतील कर्मचाऱ्याला साधारणपणे चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही.

म्हणजे चित्र उलटे आहे. रेल्वेतील खेळाडूच्या तोंडाला लेखी कुलूप आहे, पण त्याच्यावर कारवाई करायची तर ठरलेली प्रक्रिया पाळावी लागते. समालोचकाला बोलण्यासाठीच बोलावलेले असते, पण एका वाक्यानंतर काम गेले तर प्रक्रियाच नाही.

हे सगळे आताच सुरू झाले का?

नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत पी. बाळू यांना वगळले गेले आणि जातीमुळे त्यांचे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम पालवणकर यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले. १९८७-८८ मध्ये वृत्तपत्रात स्तंभ लिहिल्यावरून कर्णधार दिलीप वेंगसरकर यांच्यावर मंडळाने कारवाई केली. १९८८ मध्ये मोहिंदर अमरनाथ यांनी निवड समितीला विदूषकांची टोळी म्हटले, त्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

परदेशात वेगळे काय घडते?

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनच्या आश्रितविषयक धोरणावर टीका केल्याबद्दल माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर यांना ‘बीबीसी’ने कार्यक्रमातून बाजूला केले. सहकाऱ्यांनी काम करण्यास नकार दिला आणि तो गाजलेला कार्यक्रम सूत्रसंचालकाविना, जेमतेम २० मिनिटांत उरकावा लागला. काही दिवसांतच लिनेकर परतले. समाजमाध्यमावरील दुसऱ्या एका वादानंतर मे २०२५ मध्ये मात्र त्यांनी ‘बीबीसी’ सोडली. अमेरिकेत राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसून वर्णद्वेषाचा निषेध करणाऱ्या कॉलिन केपरनिक याला २०१७ पासून एकाही संघाने घेतले नाही. त्याने तक्रार केली आणि २०१९ मध्ये लीगशी तडजोड झाली, मैदान मात्र परत मिळाले नाही.

लिनेकर यांच्यासाठी सहकारी उठून गेले. भोगले आणि मांजरेकर यांच्यासाठी कोणी कक्ष सोडला नाही. भारतात सक्रिय क्रिकेटपटूंची संघटनाही नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन’ निवृत्त खेळाडूंसाठी आहे.

मग काहीही बोलले तरी चालावे का?

तसे नाही. जानेवारी २०१९ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात महिलांविषयी हीन शेरेबाजी केल्याबद्दल हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना निलंबित करून ऑस्ट्रेलियातून परत बोलावले होते. पुढे मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. त्या कारवाईत आरोप काय, शिक्षा काय आणि ती कोणी दिली, हे सर्वांना कळले. त्यामुळे तिच्यावर वादही मोकळेपणाने घालता आला.

मांजरेकर आणि भोगले यांच्या बाबतीत हेच झाले नाही. काम देणाऱ्याला माणसे निवडण्याचा अधिकार आहे. पण काय बोलायचे नाही ते करारात आधी लिहिलेले असावे, वगळताना कारण दिले जावे आणि खेळाडूच्या नाराजीवरून कुणाचे काम जात असेल तर त्याला बाजू मांडता यावी, एवढी अपेक्षा गैर नाही. नोकरीतील खेळाडूने स्वतःची नियुक्ती, बढती किंवा छळाची तक्रार मांडणे आणि शासनाच्या धोरणावर टीका करणे यातला फरकही नियमांत स्पष्ट व्हायला हवा. तोवर सावरपाड्यातली एखादी धावपटू आपल्यावरील अन्याय बोलून दाखवण्याआधी नोकरीचा विचार करेल आणि समालोचक खराब फटक्यालाही ‘दुर्दैवी’ म्हणत राहील.